फाउंड्रीत ईआरपी बसवायचंय? आधी हे ठरवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आज माहिती साधारण तीन ठिकाणी असते. हिशेब आणि जीएसटी टॅलीत, उत्पादन आणि डिस्पॅच एक्सेलमध्ये, आणि खरी खबर स्टोअरकीपरच्या वहीत. ग्राहकाचा माणूस ऑडिटला येतो, एका कास्टिंगवरचा हीट नंबर (भट्टीच्या एका वेळच्या वितळणीचा क्रमांक) दाखवतो आणि विचारतो, "याचा स्पेक्ट्रो रिपोर्ट कुठाय? याच हीटचे बाकीचे नग कुठल्या गाडीत गेले?" मग धातूच्या घटकांच्या तपासणीचा तो रिपोर्ट शोधत दोन माणसं अर्धा दिवस फायली उपसत बसतात. त्या संध्याकाळी मालक म्हणतात, "आता ईआरपी घेऊनच टाकू."

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच जागी जोडणारं सॉफ्टवेअर. घ्यावंच. फक्त हे काम नेमकं कुठं अडतं ते ठाऊक असू द्या. सॉफ्टवेअर वाईट निघालं म्हणून प्रकल्प बसला, असं क्वचित होतं. कारखान्यानं वर्षानुवर्षं "बघू नंतर" म्हणून सोडून दिलेले प्रश्न ईआरपी पहिल्याच महिन्यात विचारतं आणि उत्तर द्यायला कुणी तयार नसतं. प्रकल्प तिथं अडतो. म्हणून पुढच्या मजकुराचा बराचसा भाग सॉफ्टवेअर घ्यायच्या आधीच्या कामावर आहे.

आधी माल कसा फिरतो ते लिहा

डेमो बघायच्या आधी एक आठवडा यासाठी काढा. गेटपासून सुरुवात करून मालाच्या मागं मागं चालायचं. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि सीआरसी स्क्रॅपची (पत्र्याच्या भंगाराची) गाडी वजनकाट्यावर येते, माल यार्डात पडतो, तिथून फर्नेसला चार्ज होतो, साच्यात ओततात, नॉक-आउट (साचा फोडणं), फेटलिंग (कडा साफ करणं), शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांनी घासणं), तपासणी. तिथून काही नग थेट ग्राहकाकडं जातात, काही उद्यमनगरातल्या किंवा शेजारच्या मशीन शॉपला जॉबवर्कला (मजुरीवर मशिनिंगला) जातात आणि परत येतात. प्रत्येक टप्प्यावर चारच गोष्टी टिपा: कागद कोणता होतो, तो कोण लिहितं, किती वेळानं लिहितं आणि मोजमाप किलोत आहे की नगांत.

"किती वेळानं" हा रकाना गाळू नका. स्टोअरमधलं एक रोजचं संभाषण ऐका:

"आण्णा, हा फेरो सिलिकॉन कधी आला?"

"परवा आलाय की, साहेब. जीआरएन करायचा राहिलाय. बिलच आलं न्हवतं."

"आणि वापरला किती?"

"वापरून संपत आलाय."

म्हणजे कागदोपत्री जो माल आलेलाच नाही, तो भट्टीत गेलासुद्धा. वहीला याचं काही वाटत नाही. ईआरपीत मात्र स्टॉक उणे दिसतो, नाहीतर इश्यू स्लिप अडते आणि रात्रपाळीचा माणूस फोन करून उठवतो. बिल येवो न येवो, गाडी उतरली की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालाच पाहिजे, हा नियम सॉफ्टवेअर येण्याच्या दोन-तीन महिने आधी वहीवरच लागू करा. वहीवर जमलं नाही तर स्क्रीनवरही जमणार नाही.

मालकानं स्वतः घ्यायचे निर्णय

हा सगळ्यात जड भाग. हे निर्णय अकाउंटंटवर किंवा सॉफ्टवेअरवाल्यावर सोडू नयेत. सॉफ्टवेअरवाला बिचारा "सर, तुम्ही सांगाल तसं करू" म्हणेल आणि तुम्ही "तुमच्यात स्टँडर्ड काय आहे?" विचाराल. मग तीन महिने तेच चालतं.

पहिला प्रश्न जॉबवर्कमधल्या रिजेक्शनचा. उदाहरण घेऊ. ४.२०० किलोचं एक हाउसिंग, ५०० नग मशिनिंगला पाठवले, म्हणजे २,१०० किलो. मशिनिंग झाल्यावर एका नगाचं वजन ३.६५० किलो. परत आले ४८६ चांगले नग. ८ नगांत मशिनिंग करताना ब्लो होल (ओतताना आत राहिलेल्या वायूच्या पोकळ्या) उघडे पडले, ४ नग मशीनवाल्याकडून बिघडले, आणि २ नगांचा पत्ता नाही. चांगल्या नगांचंच टर्निंग (मशीनवर निघालेला चुरा) २६७ किलोच्या पुढं जातं.

आता सांगा: ब्लो होलचे ८ नग आपल्या ओतकामाचा दोष. त्यावर दोन ऑपरेशन झाल्यावर दोष दिसला तर मशिनिंगचे पैसे द्यायचे का? किती? बिघडलेल्या ४ नगांची कपात कास्टिंगच्या दरानं की भंगाराच्या? गायब २ नगांची वाट किती दिवस पाहायची? टर्निंग आपण परत आणायचं की त्यानं ठेवून जॉबवर्कचा दर कमी लावायचा? आज हे सगळं फोनवर, ओळखीवर आणि दिवाळीच्या हिशेबात मिटतं. ईआरपीला प्रत्येकाला वेगळं कारण, वेगळा कोड आणि वेगळी नोंद लागते. दर जॉबवर्करशी एक पानी लेखी समजूत करून घ्या. हे टाळून पुढं गेलेल्या कारखान्यात "ॲडजस्टमेंट" नावाचं एक खातं फुगत जातं, आणि सहा महिन्यांनी त्यात काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

इथं कायदाही आडवा येतो. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं जीएसटी कायद्याचं कलम १४३ धरतं. मग कर आणि व्याज दोन्ही. भांडवली मालाला ही मुदत तीन वर्षं, आणि मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर, टूल यांना ती लागू नाही. त्यामुळं प्रत्येक चलन नगाला नग फिटतं की नाही, हे सॉफ्टवेअरनं दाखवायलाच हवं. आपल्याकडं आणखी एक पेच आहे. कागलच्या पुढं गेलं की कर्नाटक. निपाणी किंवा बेळगावच्या मशीन शॉपला माल गेला तर रक्कम कितीही असो, ई-वे बिल लागतं. चलन काढतानाच राज्य ओळखून सूचना देणारी सोय मागून घ्या.

दुसरा प्रश्न रनर-रायझरचा. ओतलेल्या धातूतला मोठा वाटा रनर, रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत थिजलेला धातू) आणि रिजेक्ट नगांच्या रूपानं परत भट्टीत जातो. तो परत स्टॉकला घेताना कुठला भाव लावायचा: स्क्रॅपच्या खरेदीचा की वितळवण्याच्या खर्चासकट? दोन्ही पद्धती चालतात, पण एकदा ठरवली की बदलायची नाही, कारण प्रत्येक कास्टिंगचं कॉस्टिंग त्यावर उभं राहतं. ठरवताना सीएला बरोबर बसवा. स्टॉकच्या मूल्यांकनावरून किती मोठं घर बुडतं याचा नमुना जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीचा. त्यांनी सॅप या ईआरपीचा प्रकल्प सात वर्षं चालवला आणि २०१८ मध्ये गुंडाळला. खर्च सुमारे ५० कोटी युरो झाल्याच्या बातम्या होत्या. कारणं अनेक, पण गाजलेलं एक असं: लिडल मालाची किंमत खरेदीच्या भावानं धरत होती, सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या भावावर होती, आणि आपली रीत सोडायला कंपनी तयार नव्हती. मग सॉफ्टवेअरच वाकवत बसले.

तिसरा प्रश्न वजनाचा. ग्राहकाची ऑर्डर नगावर, आपलं उत्पादन टनावर. ड्रॉइंगवरचं वजन, पहिल्या सॅम्पलचं वजन आणि आजच्या लॉटचं वजन ही तीन वेगळी असतात. बिल कुठल्या वजनावर आणि उत्पादन कुठल्या वजनावर धरायचं ते आयटमवार लिहून ठेवा. पिग आयर्नच्या भावाप्रमाणं ग्राहक मागच्या तारखेपासून दर बदलून देत असेल, तर जुन्या बिलांवर डेबिट-क्रेडिट नोट कशी निघणार हेही आत्ताच ठरवा.

सॉफ्टवेअर आणि ते बसवणारा

नावं सगळ्यांना माहीत असतात: सॅप बिझनेस वन, मायक्रोसॉफ्टचं बिझनेस सेंट्रल, ओडू, मुंबईत तयार झालेलं मुक्त स्रोत ईआरपीनेक्स्ट, शिवाय खास फाउंड्रीसाठी लिहिलेली स्थानिक सॉफ्टवेअर. नावापेक्षा बसवणाऱ्या माणसाकडं जास्त बघा. त्यानं कधी फर्नेस बघितली आहे का? "हीट" म्हटल्यावर त्याला अर्थ विचारावा लागतो का? डेमोला त्याचा तयार डेटा चालू देऊ नका. वरचं ५०० नगांचं उदाहरण कागदावर द्या आणि म्हणा, "हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवा." जो तिथल्या तिथं दाखवतो तो एक, आणि जो "कस्टमायझेशनमध्ये होईल" म्हणतो तो दुसरा. दुसराही घेता येतो, पण ते काम करारात दिवस आणि रकमेसकट लिहून.

कायद्याच्या बाजूनं पुढच्या गोष्टी डेमोतच तपासा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. १० कोटी आणि वर असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढवावं लागतं. बिल नंबर १६ अक्षरांच्या पुढं जाता कामा नये. कंपनी, युनिट, वर्ष, महिना असा लांबलचक उपसर्ग लावायची हौस असणाऱ्यांनी हे मोजून बघावं. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणारी ऑडिट ट्रेल लागते, आणि ती बंद करता येता कामा नये. "ॲडमिनला बंद करता येते" असं उत्तर आलं तर पुढचा चहा घेऊन निघायचं.

क्लाउड की स्वतःचा सर्व्हर? कोल्हापूरकरांनी हा प्रश्न पावसाळ्याकडं बघून सोडवावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. सर्व्हर ऑफिसच्या तळमजल्यावर, बॅकअपची डिस्क त्याच्याच शेजारच्या ड्रॉवरमध्ये आणि आयटीवाला नदीच्या पलीकडं, ही मांडणी आजही दिसते. माझा कौल क्लाउडला. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन इंटरनेट कनेक्शन घ्या. ई-इनव्हॉइसला नेट लागतंच, त्यामुळं सर्व्हर घरचा असला तरी नेटवाचून बिल निघत नाही.

करारात पैशाचे हप्ते कामाला बांधा. मला बरी वाटणारी विभागणी: करारावर २५ टक्के, मास्टर (आयटम वगैरेंच्या मूळ याद्या) चढून चाचणी मंजूर झाल्यावर २५, प्रत्यक्ष सुरू झाल्यावर २५, आणि दुसऱ्या महिन्याचं क्लोजिंग सॉफ्टवेअरमधून झाल्यावर शेवटचे २५. लायसन्स माणसागणिक आहे की एका वेळी वापरणाऱ्यांच्या संख्येवर, हे विचारा. तीन पाळ्यांच्या कारखान्यात दोन्हींच्या खर्चात मोठा फरक पडतो. आणि करार मोडला तर आपला सगळा डेटा उघडता येईल अशा स्वरूपात मिळेल, हे एक वाक्य घालायला विसरू नका.

माणूस कोण लावायचा

प्रकल्पप्रमुख कारखान्यातलाच हवा, शक्यतो पीपीसी (उत्पादनाचं नियोजन) किंवा स्टोअर सांभाळलेला. संगणकाचं शिकवता येतं. कुठल्या कास्टिंगला कुठला कोअर (आतली पोकळी घडवणारा गाभा) लागतो आणि कुठला ग्राहक शेड्यूल कसं फिरवतो, हे शिकवायला वर्षं जातात. त्याच्या रोजच्या कामातलं निम्मं काम दुसऱ्याकडं द्या. हे होत नाही, हे मला माहीत आहे. मालक म्हणतात, "तोच एक कामाचा आहे, त्याला कसा सोडू?" नेमका तोच लागतो. त्याला सोडता येत नसेल तर प्रकल्प सहा महिने पुढं ढकला.

मास्टर

या पायरीवर सगळ्यांचा उत्साह मावळतो. एक्सेलमधून आयटमची यादी काढली की एकच वस्तू अशी दिसते: "बेअरिंग हाउसिंग", "हाउसिंग बेअरिंग", "बेअ. हाउ. नवीन", "हाउसिंग (जुना पॅटर्न)". यातले पहिले दोन एकच, तिसऱ्याचं ड्रॉइंग रिव्हिजन वेगळं, आणि चौथ्याचा पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) ग्राहक परत घेऊन गेलाय. हे फक्त डिस्पॅचवाल्याला ठाऊक. त्यामुळं मास्टर साफ करणं हे डेटा एन्ट्री ऑपरेटरचं काम नाही. डिस्पॅच, पॅटर्न शॉप आणि खरेदी यांना एका टेबलाशी रोज तासभर बसवा आणि यादी वरून खाली वाचा.

आयटम कोडमध्ये फार अर्थ कोंबू नका. ग्राहक, ग्रेड, वजन, सगळं कोडमध्ये घातलं की ग्रेड बदलताच कोड खोटा पडतो. साधा क्रमांक द्या आणि बाकीची माहिती रकान्यांत ठेवा. ग्राहकाचा पार्ट नंबर आणि ड्रॉइंग रिव्हिजन यांना स्वतंत्र रकाने हवेतच. पॅटर्नचं वेगळं रजिस्टर करा: मालकी कुणाची, कॅव्हिटी किती, ठेवलाय कुठं, शेवटची दुरुस्ती कधी. आपल्या शेडमधले बरेच पॅटर्न ग्राहकाच्या मालकीचे असतात आणि ऑडिटला तेच आधी विचारतात.

गेल्या दोन वर्षांत न हललेला आयटम नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणू नका. लागला तर तेव्हा उघडता येतो.

चाचणी

विक्रेता चाचणी घेतो तेव्हा सगळं सुरळीत होतं, कारण तो सुरळीत जाणारेच व्यवहार घालतो. तुम्ही बिघडलेले व्यवहार घाला. शेड्यूलपेक्षा १२ नग जास्त गेले. गाडी वाटेतून परत आली. वजनकाट्यावर ४० किलो कमी भरलं. एका हीटचा स्पेक्ट्रो नापास झाला, पण निम्मे नग फेटलिंगला पोचलेत. ग्राहकानं माल रिजेक्ट करून स्वतःच्या चलनावर परत पाठवला. ई-इनव्हॉइस निघालं आणि मग दर चुकल्याचं कळलं. पोर्टलवर ते २४ तासांतच रद्द करता येतं, त्यानंतर क्रेडिट नोट. हे सगळं स्टोअरच्या आणि डिस्पॅचच्या माणसानं स्वतःच्या हातानं करायचं. सॉफ्टवेअरवाल्यानं फक्त बघायचं, माउसला हात लावायचा नाही.

शिकवणी कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नका. फर्नेसजवळ धूळ असते, हातात मोजे असतात, स्क्रीनवरचे बारीक रकाने दिसत नाहीत. मेल्टिंगच्या माणसाला चारच रकाने द्या: हीट नंबर, ग्रेड, चार्जचं वजन, ओतल्याची वेळ. शक्य असेल तर स्क्रीन मराठीत. रात्रपाळीला शिकवायला रात्रीच जावं लागतं.

तारीख

हर्षी या अमेरिकन चॉकलेट कंपनीनं १९९९ च्या जुलैत, हॅलोवीनचा हंगाम तोंडावर असताना, सगळं नवं सॉफ्टवेअर एकदम सुरू केलं. प्रकल्पावर सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्च झाले होते. गोदामात चॉकलेट पडून होतं, पण दुकानांच्या ऑर्डरी वेळेत निघेनात, आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. आपल्याकडं हीच चूक दसऱ्याच्या मुहूर्तामुळं होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, आता नवं सॉफ्टवेअर चालू करू, असं ठरतं आणि समोर दिवाळीपूर्वीचा डिस्पॅच, बोनस आणि सुट्ट्या उभ्या असतात. मुहूर्तावर करार करा. सुरुवात करू नका.

मी सुचवतो तो क्रम: जानेवारीत गेट, स्टोअर आणि जॉबवर्कची चलनं सुरू. फेब्रुवारीत मेल्टिंग ते तपासणी. ३१ मार्चला प्रत्यक्ष साठा मोजायचाच असतो, त्याच मोजणीचे आकडे सुरुवातीचा स्टॉक म्हणून चढवा. १ एप्रिलपासून नव्या बिल मालिकेसह विक्री आणि हिशेब. मार्चअखेरीची घाई अकाउंटला नडते हे खरं, पण वर्षाच्या मध्ये खाती हलवण्यापेक्षा हे परवडतं. जुलै-ऑगस्ट तर टाळाच. गाड्या अडल्या असताना कुणालाही नवं शिकायला वेळ नसतो.

पहिले दोन महिने

जुनं एक्सेल आणि नवं सॉफ्टवेअर एकत्र चालवायची मुदत एक महिना, त्याहून जास्त नाही. मुदत वाढली की लोक दोन्हीकडं अर्धवट भरतात आणि भांडण झालं की एक्सेलच खरं मानतात. महिना संपल्यावर जुनी फाइल फक्त वाचता येईल अशी करून ठेवा.

रोज सकाळी प्रकल्पप्रमुख, स्टोअर, डिस्पॅच आणि अकाउंट यांनी उभ्या उभ्या पंधरा मिनिटं तीन याद्या बघाव्यात: काल गेटवर आलेला पण जीआरएन न झालेला माल, उणे स्टॉक दाखवणारे आयटम, आणि ठरल्या मुदतीपलीकडं उघडी असलेली जॉबवर्क चलनं. बाकीचे रंगीत डॅशबोर्ड नंतर. उणे स्टॉकला पहिल्या दिवसापासून कुलूप लावा. हातमोजे, ग्राइंडिंग व्हील अशा किरकोळ मालाला महिनाभर सूट द्या, धातूला नको.

मालकानंही एक पथ्य पाळावं. फोन करून "किती नग झाले रे?" विचारायचं नाही. स्क्रीन उघडून बघायचं. मालक फोनवर विचारत राहिले की खालची माणसं स्क्रीन भरणं सोडतात.

महिनाअखेर टॅलीतला ताळा आणि ईआरपीतला ताळा जुळवताना फरक निघणारच. फरकाची रक्कम छोटी असली तरी कारण शोधा. एकमेकींना खोडणाऱ्या दोन मोठ्या चुकांतूनही छोटा फरक दिसतो.

पुढचा टप्पा कधी

सुरुवात बरी झाली की विक्रेता दुसऱ्या टप्प्याचं कोटेशन घेऊन येतो: हीटवार कॉस्टिंग, वीज मीटरची जोडणी, मोबाइल ॲप, मेंटेनन्स. त्यातलं हीटवार कॉस्टिंग खरंच कामाचं आहे. पण आधी एक परीक्षा घ्या. ५ कोटींवरच्या उलाढालीला जॉबवर्कचा आयटीसी-०४ फॉर्म (पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालाचं जीएसटी विवरण) सहामाही भरावा लागतो, आणि एप्रिल ते सप्टेंबरचा २५ ऑक्टोबरपर्यंत. तो फॉर्म एकाही एक्सेलची मदत न घेता थेट ईआरपीतून निघाला आणि जॉबवर्करच्या वहीशी जुळला, तर नव्या कोटेशनवर बोलायला बसा. नाही जुळला तर विक्रेत्याला आधी तोच फरक शोधायला लावा. शेवटच्या हप्त्यातलं काही अजून तुमच्या हातात असेल तर काम लवकर होतं.